चंचीतलं हत्यार

देवसिंग रिटायर होऊन घरी आला आणि राठोडांच्या स्वयंपाकघरातले गंजसुद्धा उंचीप्रमाणे रांगेत उभे राहू लागले. राज्य राखीव दलात उभी हयात गेलेला माणूस तो. सकाळी उठला की अंगण नीट झाडलं की नाही ते बघायचा, चुलीजवळची लाकडं एका आकाराची लावून ठेवायचा आणि रुक्माबाईनं भाकर थापायला घेतली की मागे हात बांधून उभा राहायचा. "मले कैदी समजून राह्यला हा मानूस," असं ती येईल त्या बाईला सांगे. तिच्या मते नवऱ्याला कुठंतरी जुंपणं ही घराची पहिली गरज होती. कुठं जुंपायचं तेही तिनं ठरवून टाकलं होतं: धाकट्या जावेच्या जीपमध्ये, पुढच्या सीटवर.

धाकटी जाऊ म्हणजे इंदुताई. हे तिच्याही कानावर आलं होतं.

ढाणकीची जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना, उभी केली तिच्या सासऱ्यानं, नेमसिंगबापूंनी. थोरला पोरगा देवसिंग पोलिसात गेला. धाकटा परसराम, म्हणजे इंदुताईचा नवरा, शाळामास्तर झाला आणि उरलेला वेळ तबल्याला देऊन बसला. मग एक दिवस सुनेनं चिमूटभर कापूस दोन बोटांत ओढून धाग्याची लांबी सांगितली, आणि सासऱ्यानं किल्ल्यांचा जुडगा काढून तिच्या हातात दिला. बंजाऱ्यांच्या तांड्यात तेव्हा पुष्कळ कुजबुज झाली. आता त्याच तांड्यातले लोक आपल्या पोरींना तिचं नाव घेऊन शाळेत पाठवत होते. दिवस कापसाच्या लोकांना वाईट होते. सरकारी खरेदीचे चुकारे महिनोन्महिने अडकत, म्हणून लोक गाड्या जुंपून इंदुताईच्या फाटकाशी येत. तिच्या काट्यावर माप खरं होतं आणि पैसा त्याच दिवशी हातात पडायचा.

तो पैसा आणायला तिला उमरखेडच्या बँकेत जावं लागे. गेल्या हंगामात त्या रस्त्यावरच्या नाल्याजवळ एका व्यापाऱ्याची गाडी अडवून लुटली, त्याच्या ड्रायव्हरचा हात मोडला. पुढं काही दिवसांनी दोन मोटरसायकली इंदुताईच्या जीपमागे त्याच नाल्यापर्यंत आल्या, जरा रेंगाळल्या आणि परत फिरल्या. घरी तिनं चकार शब्द काढला नाही. सरळ यवतमाळला जाऊन हत्याराच्या परवान्याचा अर्ज देऊन आली. चौकशा झाल्या, हेलपाटे झाले, आणि भादव्यात परवाना हाती आला. नाव तिचंच होतं. हत्यार मात्र एकच घ्यायचं होतं, रिव्हॉल्व्हर नाहीतर पिस्तूल.

बापूंनी परवाना उलटासुलटा करून बघितला आणि अट घातली. "हत्यार तुह्या आंगावर कोनाले दिसलं नाई पाह्यजे, अन् पाह्यजे तवा हाती आलं पाह्यजे. हे दोनी जमत असन तर एकटी जाय. नसन जमत तर दसऱ्यापासून देवसिंग तुह्यासंगं जीपमधी बसन."

अट वाजवी होती, तेच दुखणं होतं. भासरा, म्हणजे थोरला दीर, माणूस चांगला होता, तिच्या वाईटावर अजिबात नव्हता. पण तो जिथं बसेल तिथला मालक तोच दिसायचा, हा त्याच्या मिशांचाच गुण. आज जीपच्या पुढच्या सीटवर, महिन्याभरात काट्यावर, होळीपर्यंत गल्ल्यावर, आणि शेतकरी कापसाच्या भावाचं बोलायला तिला ओलांडून त्याच्याकडं जाणार. कोणी काढायला आलं नसतं तिला. ती आपोआप बाजूला झाली असती, आणि या विचारानं तिला संतापापेक्षा वाईट जास्त वाटत होतं.

* * *

रविवारी दुपारी सगळे ओट्यावर जमले. मक्याची कणसं भाजून आली होती. बापू बाजेवर, देवसिंग भिंतीला पाठ लावून ताठ, त्याचा पोरगा आयुष पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून सुटीवर आलेला, परसराम दारात गुडघ्यावर बोटं वाजवत. बापूंची बायको मथुराबाई मधोमध पानाची चंची उघडून सुपारी कातरत बसली होती. तिला सगळं घर याडी म्हणायचं, म्हणजे आई.

याडी मधोमध बसली होती त्याला कारण होतं. या घरात सून सासऱ्याशी बोले, पण भासऱ्याशी थेट बोलायची नाही. डोक्यावर पदर, आणि बोलणं याडीच्या मार्फत. भासरा तिच्या हातून काही घेतही नसे. तिनं खाली ठेवायचं, त्यानं उचलायचं. जिनिंग घराबाहेर, म्हणून तिथं हा नियम लागू नव्हता. तिथं दोघं धडधडत्या मशीनच्या वर आवाज चढवून खुशाल बोलत. घरी आले की पुन्हा याडीच्या तोंडानं. याडीही काही नुसती टपाल पोहोचवणारी नव्हती. निरोपातलं तिखट काढून, आपलं मीठ घालूनच ती पुढं द्यायची.

"याडी, तिले सांग," देवसिंगनं सुरुवात केली, "घ्याचंच असन तर रिव्हॉल्व्हर घे. त्यात काई शिकाचं नाई. चाप ओढला का चालते. एखादी गोळी फुसकी निंगाली तर पुन्हा चाप ओढाचा, चक्कर फिरते, दुसरी गोळी समोर येते. भरलं हाय का रिकामं हाय, थे उघडलं का डोयानं दिसते."

"बाबा, पण थे केवढं फुगीर असते!" आयुषला राहवलं नाही. नेटकॅफेत बसून त्यानं या विषयाचा फडशा पाडला होता. "मधात गोल चक्कर. कापडातून ढेकूळ दिसते. पिस्तूल चपटं असते, आंगाले चिकटून बसते. गोळ्या जास्ती. संपल्या तर मॅगझिन बदललं का झालं."

"अन् अडकलं का?" देवसिंग पोराकडं वळला. "पिस्तुलात गोळी अडकली तर दोन्ही हातानं वरची पट्टी मांगं ओढा लागते. नाल्यावर मोटरसायकलवाले थांबतीन का तवरोक? आमच्या कॅम्पात एका जवानानं मॅगझिन काढलं, म्हने रिकामं झालं. एक गोळी नळीतच बसून होती. भिंतीले भोक पडलं. मानसाले पडलं असतं."

"जवान बिनडोक होता, त्यात पिस्तुलाचा काय दोष?"

"घाबरल्यावर सारेच बिनडोक असतात रे."

बापू खुशीत आले. बापलेक असे भांडायला लागले की त्यांना घर भरल्यासारखं वाटे. इंदुताईला मात्र एक गोष्ट लक्षात आली होती. कणसं संपत आली तरी तिला कोणी काही विचारलं नव्हतं.

"याडी," ती पदराआडून म्हणाली, "भाऊजीले सांगा, मले हत्यार पाह्यजे, पहारेकरी नोको."

मथुराबाईनं सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "थे म्हंते, तुह्या जिवाले कायले तरास."

परसरामला हसू फुटलं, त्यानं ते खोकल्यात घालवलं.

"तरास कायचा?" रुक्माबाई स्वयंपाकघरातून ओरडली. "जाऊ द्या ना त्यायले! जीपमधी बसून तं रायतीन!"

देवसिंगनं तिकडं लक्ष दिलं नाही. तो आता खऱ्या कळकळीनं बोलत होता. "रिव्हॉल्व्हर असो का पिस्तूल, याडी, सवाल येगळाच हाय. आमाले पट्टा असते, पट्ट्याले म्यान असते. ही लुगड्यात हत्यार ठेवन कुठं? ना खिसा, ना पट्टा."

"काकू, पर्समधी ठेवा," आयुष म्हणाला.

"पर्स तं चोर पह्यले हिसकते! त्याच्या हाती आपनच बंदूक द्याची?"

"मंग जीन्स घाला."

मथुराबाईचा अडकित्ता हवेतच थांबला. नंतर ती इतकी हसली की तिच्या बांगड्या वाजल्या, आणि बापूंनाही हसू आवरेना. हसणं ओसरल्यावर मात्र बापूंनी गुडघ्यावर हात टेकले. निकाल द्यायचा असला की ते असंच करत.

"म्हंजे जमत नाई," बापू म्हणाले. "सुनबाई, राग मानू नोको. दसऱ्यापासून देवसिंग..."

"बापू, थांबा जरा." इंदुताई उठून उभी राहिली. सासऱ्याचं बोलणं तिनं कधी मधे तोडलं नव्हतं. "माह्या आंगावर हत्यार हाय. दिसून राह्यलं का कोनाले?"

देवसिंगनं मान वळवली, मग नियम आठवून अर्धीच वळवली. आयुष बघतच राहिला. नेहमीचं सुती लुगडं, कमरेला खोचलेला पदर, बस्स.

"नाई दिसत," बापू म्हणाले. "पन हाती..."

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत पदर डावीकडं सरकला आणि इंदुताईच्या उजव्या हातात रिव्हॉल्व्हर होतं. लाकडाचं. जिनिंगच्या सुतारानं शिसवातून कोरलेलं, आत लोखंड ठोकून खऱ्याइतकं जड केलेलं. नळी जमिनीकडं आणि बोट चापाच्या बाहेर, सरळ.

"आठ दिवस झाले, घेऊनच फिरून राह्यली मी," ती म्हणाली. "घरात बी, जिनिंगवर बी. चार दिवस हे, चार दिवस थे चपटं. भाऊजीच्या पुढ्यात जेवन वाढलं, तवा बी होतं."

जवानांच्या पट्ट्याचं बक्कल वाकडं असलं तरी ज्याला दुरून दिसायचं, तो देवसिंग स्वतःच्या हातातल्या कणसाकडं बघत राहिला. "याडी," तो म्हणाला, "तिले इचार, बोट चापाच्या बाहेर ठेवाले कोनं शिकवलं?"

"सांगा त्यायले, याडी. गेल्या साली रजेवर आले तवा जिनिंगच्या चौकीदाराले भाऊजीच बंदूक शिकवत होते. मी काट्यावर बसून आयकलं."

हा निरोप मथुराबाईनं एक अक्षर न बदलता दिला.

तिचंही या कटात अंग होतं. इंदुताईनं कमरेची पिशवी सोडून सगळ्यांपुढं धरली, ती याडीचीच जुनी चंची होती, आरसे लावलेली. मधले कप्पे उसवून एक मोठा कप्पा केलेला, वरचं तोंड मोकळं, आत जाड चामडं शिवलेलं, म्हणजे चाप झाकला जावा. नाडा परकराच्या आतून कमरेला बांधायचा. बायकांच्या कमरेला चंची असते हे उभ्या तांड्याला ठाऊक, त्यामुळं तिकडं कोणी बघत नाही. बघितलं तरी आत पान-सुपारी आहे असंच समजतं.

"म्हातारे," बापू म्हणाले, "मले नाई सांगितलं?"

"तुमाले सांगतलं असतं तं तांड्याले दवंडीच झाली असती."

आयुषचं अजून समाधान झालं नव्हतं. "पण काकू, झाकायले चपटंच बरं पडलं असन ना? खरं सांगा."

"खरंच बरं पडलं. बसाले, उठाले, गाडी चालवाले. थेच घेनार होती मी." इंदुताईनं चंची उलटी केली आणि ओट्यावर झटकली. "पन हे पाय."

आतून रुईचा पांढरा पुंजका पडला, आणि झटकलं तसा आणखी पडला. शिवणीत, चामड्याच्या कडेला, लाकडी चापाच्या खोबणीत, सगळीकडं कापसाचे तंतू गच्च बसले होते. अजून हंगाम सुरू व्हायचा होता. जुन्या मालाच्या दोन गाठी काय त्या उघडल्या होत्या. हंगामात तर जिनिंगमधल्या माणसाच्या पापण्याही पांढऱ्या होतात.

"पिस्तुलात ही रुई गेली तं?" तिनं विचारलं.

आयुषनं एक तंतू बोटावर घेतला. "रोज साफ करा लागन. पट्टी, स्प्रिंग, मॅगझिन, सारं."

"हंगामात मले सोताच्या कानातली रुई काढाले सवड नसते, बापा. रिव्हॉल्व्हरले बी साफ करा लागन, पन एखांद्या दिवशी इसरलं तं चालते. माह्यासारखीले थेच पाह्यजे."

देवसिंगचा चेहरा फुलला. "मी काय म्हनलं होतं! रिव्हॉल्व्हर! पाह्य रे आयुष, पाह्य!" त्यानं मांडीवर थाप मारली. थाप मारून झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं की आपण वाद जिंकलो आणि जीप हरलो. मिशा जराशा खाली आल्या. रुक्माबाई उंबऱ्यात येऊन उभी होती, तिचंही तोंड उतरलं.

इंदुताईला भासऱ्याची दया आली. खरं तर ही गोष्ट तिनं आधीपासून ठरवून ठेवली होती, पण मागाहून दिली असती तर त्याला ती भीक वाटली असती. म्हणून ती आताच बोलली.

"याडी, भाऊजीले इचारा. मले जीपमधी मानूस नोको, पन फाटकावर पाह्यजे. कापसाच्या गंजीजोळ गाडीवाले बिड्या फुकतात. मी बोलली का हो म्हंतात, अन् पाठ फिरवली का पुन्हा पेटवतात. एक ठिनगी पडली तं चोराले लुटाले काई उरनार नाई. त्यायले धाक पाह्यजे. मिशीचा."

शेवटचा शब्द याडी गाळेल असं तिला वाटलं होतं. याडीनं तोच आधी सांगितला.

देवसिंग खाकरला. "पान्याची टाकी कुठं हाय तितं? वाळूच्या बादल्या?"

"बादल्या हायेत. वाळू नाई."

"वाळू नाई!" तो उठूनच उभा राहिला. "बादल्या शोभेले ठेवल्या का?"

"सकाऊन किती वाजता निंगा लागन त्यायले?" रुक्माबाईनं घाईनं विचारलं, आणि लवकरात लवकरची वेळ ऐकून ती समाधानानं चहा ठेवायला गेली.

* * *

नागपूरच्या दुकानात इंदुताईनं दोन्ही हत्यारं हातात घेऊन बघितली. पिस्तुलाची पट्टी तिनं सहज ओढून दाखवली, दुकानदारही चकित झाला, आणि आयुषनं एकदा शेवटची आशा केली. तिनं मात्र बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर घेतलं, आणि येताना परसरामनं आपल्या हौसेनं एक हातोडी घेतली, तबला चढवायची.

दसऱ्याला देवघरासमोर सगळ्यांची हत्यारं मांडली होती. विळे, कुऱ्हाड, जिनिंगच्या किल्ल्या, परसरामची नवी हातोडी, याडीचा अडकित्ता. बापूंच्या आज्यानं पाठीवर माल वाहणाऱ्या लदेणीच्या बैलांबरोबर मुलूखभर मिरवलेला भाला भिंतीशी उभा होता. बापूंच्या हातात हळद-कुंकवाचं ताट होतं. शेजारच्या वाटीत खोबरेल तेल आणि अक्षता होत्या, आणि रिव्हॉल्व्हरच्या प्रत्येक भोकात एकेक अक्षत घालायची असा त्यांचा बेत होता. आयुष आणि देवसिंग दोघांनी मिळून तो हाणून पाडला. या एका बाबतीत बापलेकांचं एकमत झालं. कुंकवाचं बोट फक्त लाकडी मुठीला लागेल असं ठरलं.

इंदुताई आतून आली. डोक्यावर पदर, हातात रिव्हॉल्व्हर. पूजा थोरल्याच्या हातून व्हायची, म्हणून देवसिंग पाटावर बसला होता. रिवाजाप्रमाणं ती वाकली आणि हत्यार त्याच्यापुढं जमिनीवर ठेवायला गेली.

"थांब."

ती वाकलेलीच राहिली. आवाज देवसिंगचा होता आणि बोलणं तिच्याशी होतं. याडीनं सवयीनं तोंड उघडलं, पण सांगायला काही उरलं नव्हतं.

"हत्यार जमिनीवर ठेवाचं नसते," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते, पण आवाज कवायतीच्या मैदानावरचा होता. "हातातून हातात द्याचं. अन् उघडून दाखवल्याबिगर कोनी घ्याचं नाई. मी डीजी साहेबाच्या हातून बी घेतलं नसतं."

त्यानं हात पुढं केला.

इंदुताई सरळ झाली. तिनं चक्कर बाजूला काढलं, उजेडाकडं धरलं आणि रिकामी भोकं त्याला दाखवली. ती म्हणाली, "रिकामं हाय, भाऊजी."

या घरात तिनं त्याला उद्देशून उच्चारलेले हे पहिलेच शब्द. देवसिंगनं वाकून बघितलं, बोट फिरवून बघितलं. "रिकामं हाय," असं म्हणून त्यानं तिच्या हातून हत्यार घेतलं. कुंकू लावलं, आपट्याची पानं वाहिली, आणि पुन्हा उघडून, पुन्हा दाखवून, तिच्या हातात परत दिलं. मथुराबाईनं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं.

"चला," ती म्हणाली, "माही नौकरी गेली." पण डोळे पुसताना ती हसत होती.

तिसऱ्या प्रहरी जिनिंगवर खरेदीचा मुहूर्त होता. इंदुताई जीप घेऊन एकटीच निघाली. कमरेला चंची, शेजारच्या सीटवर नारळ आणि पहिल्या गाडीवाल्याला बांधायचा फेटा. बाहेर बैलगाड्या लागल्या होत्या. फाटक बंद होतं. फाटकापुढं देवसिंग, कडक इस्त्रीचा सदरा, बाजूला वाळूनं भरलेल्या बादल्या एका रेषेत.

त्यानं हात आडवा करून जीप थांबवली आणि खिडकीशी आला. "माचिस? बिडी?"

"नाई, भाऊजी," ती हसू दाबत म्हणाली.

त्यानं आत नजर टाकली. पुढची सीट बघितली, तिच्यावरचा फेटा बघितला, क्षणभर तिथंच थांबला. मग मागे सरकला, आणि रांगेतल्या शेवटच्या गाडीपर्यंत जाईल अशा आवाजात चौकीदाराला म्हणाला, "फाटक उघड बे! मालकाची गाडी हाय."